कॉलरचं टोक

शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या तळघरात मावशीचं आयुष्य गेलं. वर झुंबरं, गालिचे, पियानो. खाली बॉयलर, वाफ आणि इस्त्रीची टेबलं. लग्न होऊन ती शहरात आली आणि वर्षाच्या आत तिथे कामाला लागली. नवरा लवकर गेला. तेव्हा दोन दिवस घरी बसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी उभी राहिली. पदरात लहान मूल होतं. शिवाय रडणं इस्त्री करता करताही जमतं, असं तिचं म्हणणं होतं. फक्त थेंब रेशमावर पडू द्यायचा नाही. डाग राहतो.

तिथे सगळे तिला कडक मावशी म्हणत. कॉलर कडक, कफ कडक आणि जीभ त्याहून कडक. तळघराचा मुकादम अंगाने दांडगा, पण तिला टरकून असायचा. एकदा तिने इस्त्री केलेल्या शर्टावर त्याची बोटं उमटली, तर ती म्हणाली, "मुकादम, हात धुऊन या. नाहीतर तुमच्यावरच इस्त्री फिरवते. चार सुरकुत्या तरी जातील." मुकादम मुकाट हात धुऊन आला.

तिची घडी लांबून ओळखू यायची. बाह्या पाठीमागे वळवून ती कफ कॉलरच्या खाली खोचायची. प्रवासात बॅग कितीही आपटली तरी शर्ट जागचा हलायचा नाही. ती घडी एकदा मोडली की पुन्हा तशी दुसऱ्या कुणाला जमत नसे. मुकादमाने बरेचदा प्रयत्न करून पाहिला आणि नाद सोडला.

तळघराचा एक नियम होता. कपडा पाण्यात जायच्या आधी खिसे पाहायचे. जे सापडेल ते हॉटेलच्या छोट्या पांढऱ्या पाकिटात घालायचं, वर खोलीचा नंबर टाकायचा आणि कपड्यांबरोबर परत पाठवायचं. मावशीच्या बोटांनी काय काय पाहिलं होतं! पेनं, गोळ्या, चाव्या, नाटकाची तिकिटं. एकदा चक्क एक दात. एकदा हिऱ्याची अंगठी. अंगठीच्या वेळी खुद्द मॅनेजर तिचा हात हातात घ्यायला तळघरात उतरला. तिथलं छत ठेंगणं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पाइपावर डोकं आपटून तो कपाळ चोळत वर गेला आणि परत कधी आला नाही.

"ज्याच्या खिशात सापडलं, त्याचं ते," मावशी म्हणायची. "चांगलं असो, वाईट असो. त्याचं त्याने निस्तरावं." जगातला एवढा एकच कायदा तिला पाठ होता. पुढे तिचा घात केला तो याच कायद्याने.

हॉटेलचा सगळ्यात वरचा मजला एकाच देशाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. तळघरात त्यांना 'वरचे' म्हणत. देश मोठा, लांबचा. आपल्या देशाचा कारभार ज्याच्या हातात होता, त्याला लोक दबक्या आवाजात 'मालक' म्हणत. हा मालक एका सकाळी रणगाडे घेऊन रेडिओ केंद्रात शिरला आणि राज्यकर्ता होऊन बाहेर आला. मावशी तेव्हा तरुण होती. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरून पहिल्यांदा ते पांढरे शर्ट खाली आले. मऊ सुती कापड, गळ्याशी परक्या लिपीतली पट्टी. तिला आठवतंय, कारण असं कापड तिने तोवर हाताळलं नव्हतं. "काय सूत आहे!" ती म्हणाली होती. राज्य बदललं यापेक्षा तिला त्या सुताचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

मग ते येतच राहिले. विद्यापीठात गोळीबार झाला, आले. गोदीतल्या कामगारांना पिटाळलं, आले. निवडणूक पुढे ढकलली, आले. वर्तमानपत्रात बातमी यायच्या आधी तळघराला कळायचं.

"वरचा मजला भरला," मुकादम म्हणायचा. "म्हणजे रस्त्यावर कुणीतरी मेलं."

"आता काय करणार ते?"

"चिंता व्यक्त करणार. कधी साधी, कधी तीव्र."

"तीव्र म्हणजे किती?"

"साधी असली तर एका रात्रीचा मुक्काम. तीव्र असली की चार दिवस. धुणं वाढतं."

तळघरात हशा पिकायचा. मावशीही हसायची. चिंता व्यक्त करून झाली की एक समारंभ व्हायचा. सह्या व्हायच्या. मग काही महिन्यांनी शहरातल्या पोलिसांच्या अंगावर नवे गणवेश दिसायचे. मोठ्या बैठकांच्या वेळी त्यांतले काही धुवायला खाली यायचे. गळ्याशी तीच परक्या लिपीतली पट्टी. मावशीने ती पाहिली होती. पाहिली आणि इस्त्री फिरवून मोकळी झाली. पोलिसांचा कपडा काय आणि पाहुण्यांचा काय, तिला सुरकुतीशी मतलब.

मग तिच्या मुलाला नेलं.

मुलगा शाळेत भाषा शिकवायचा. शिडशिडीत, विसराळू, पोरांत रमणारा. लहानपणापासून त्याला एक खोड होती. विचारात पडला की शर्टाच्या कॉलरचं डावं टोक तोंडात घालून चावायचा. आई कडक कॉलर करून द्यायची आणि संध्याकाळी ती चघळून लोळागोळा होऊन परत यायची. तिने धपाटे घातले, टोकाला कडू औषध लावलं, लग्नात सगळ्यांदेखत सुनेला बजावलं, "ही वस्तू जशी आहे तशी तुझ्या ताब्यात देतेय. नंतर तक्रार चालणार नाही." सून म्हणाली होती, "आई, मी स्टीलची कॉलर शिवून घेते." सून तिच्याच तोडीची होती. म्हणून दोघींचं जमलं.

निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली तेव्हा मुलगा चौकात जाऊन उभा राहिला. हातात पुठ्ठ्याची पाटी. 'निवडणूक कधी?' एवढंच लिहिलेलं. आणखीही बरेच जण होते. अश्रुधूर झाला, लोक पांगले, तो घरी आला. खोकत खोकत त्याने बायकोच्या हातात अश्रुधुराचं एक रिकामं नळकांडं ठेवलं. चौकातून उचलून आणलेलं. "आठवण," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला असताना चार माणसं आली. त्याने हात धुतले. ते म्हणाले, थोडी चौकशी आहे, तासाभरात सोडतो.

त्याला शहराबाहेरच्या मोठ्या तुरुंगात ठेवलंय एवढं कळायलाच बरेच खेटे घालावे लागले. भेट मिळत नव्हती. खटला नव्हता. आत शेकड्यांनी माणसं होती. फक्त दर रविवारी तुरुंगाच्या भिंतीतली एक खिडकी उघडायची. धुतलेले कपडे आत द्यायचे, मळलेले बाहेर घ्यायचे. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही, खाणं नाही, निरोप नाही.

मुलाचे दोन शर्ट होते. एक पांढरा, एक रेघारेघांचा. एक आत गेला की दुसरा बाहेर यायचा.

पहिल्या रविवारी पांढरा शर्ट बाहेर आला तेव्हा मावशीने तिथेच, रांगेतल्या बायकांसमोर, कॉलर हातात घेतली. डाव्या टोकाचा चावून चावून चोथा झाला होता. ती मोठ्याने म्हणाली, "मेल्या, एवढं सांगितलं तरी!" आणि हसत सुटली. रांगेतल्या बायकांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. घरी येऊन तिने तो शर्ट सुनेच्या मांडीवर टाकला. सुनेने टोक पाहिलं. तिने ते गालाला लावलं.

त्यानंतर रविवार म्हणजे कॉलर. टोक चावलेलं आहे, म्हणजे तो आहे. विचार करतोय, म्हणजे शाबूत आहे. मावशी शर्ट धुवायची, खळ करायची, इस्त्रीने टोक सरळ करायची आणि आपली घडी घालून परत न्यायची. सून म्हणायची, "इतकी कडक कशाला करता? त्याच्या दातांना त्रास."

"होऊ दे. आईने केलीय हे कळायला नको?"

असे सात-आठ महिने गेले. मग वरचा मजला भरला.

या खेपेचा मुख्य पाहुणा वेगळा होता, असं सगळे म्हणत होते. मुलाचा एक मित्र अधूनमधून घरी यायचा. साहित्य शिकलेला, नोकरी शोधत फिरणारा. त्याने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पाहुण्याला आपली भाषा येते. तरुणपणी इथल्या कविता शिकला. त्याच्या देशात माणसांच्या हक्कांवर त्याने पुस्तक लिहिलंय. विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने आपल्या भाषेत नमस्कार केला आणि हारवाल्या पोरीला विचारलं, "थकलीस का गं?"

तळघरात दिवसभर तोच विषय. "आपल्या मंत्र्याने कधी विचारलंय, थकलीस का?" मुकादम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वरून बोलावणं आलं. पाहुण्यांचा कोट प्रवासात चुरगळलाय, घाई आहे, खोलीतच इस्त्री करून द्या. मुकादमाने मावशीला पाठवलं. छोटी इस्त्री आणि घोंगडी घेऊन ती वर गेली. इतक्या वर्षांत तो मजला तिने पाहिला नव्हता. गालिच्यात पाय रुतत होते.

दाराशी खुर्चीवर सरकारी माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. पाहुणा खिडकीशी होता. किडकिडीत, केस पिकलेले, चष्मा. ती आत आली तसा तो उठून उभा राहिला.

"या मावशी," तो म्हणाला. "तुम्हाला वर यायचा त्रास दिला."

तिच्यासाठी आजवर कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. ती गडबडली. टेबलावर घोंगडी पसरून तिने कोट घेतला. तो तिचं काम पाहत राहिला.

"हातात कला आहे तुमच्या. मुलंबाळं?"

"एक मुलगा."

"काय करतो?"

दाराशी वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

"शिकवतो," ती म्हणाली.

"वा! काय शिकवतो?"

"भाषा."

"म्हणजे माझा भाऊबंद की!" पाहुणा मनापासून हसला. मग त्याने आईवरच्या एका कवितेच्या ओळी म्हटल्या, न अडखळता. तिच्या मुलाने त्या शाळेत म्हटल्या होत्या. मावशीने इस्त्री उचलून धरली. थेंब पडला तो घोंगडीवर पडला.

ती खाली आली ती वेगळीच होऊन आली.

संध्याकाळी तिने सुनेला मनातलं सांगितलं. मुलाचा फोटो पाहुण्याच्या खिशात ठेवायचा.

"आई, तो तुमचा कोण लागतो? मामा की काका?"

"आपली भाषा बोलतो गं."

"पोपटही बोलतो."

"त्यांच्या देशात असं चालत नाही. माणूस उचलला तर बोंब होते."

"तिथे चालत नाही म्हणून तर इथे चालवतात." सुनेने फळीवरचं नळकांडं खाली काढलं आणि तिच्यासमोर आपटलं. त्याच्या बुडाशी परक्या लिपीत अक्षरं कोरलेली होती. "हे बघा. आपल्याला त्यांचं पत्र आधीच आलंय."

मावशीने अक्षरांकडे पाहिलं. पोलिसांच्या गळ्याशी होती तशीच. पाहुण्याच्या गळ्याशी होती तशीच.

"सगळे सारखे नसतात," ती म्हणाली. "तो उठून उभा राहिला होता."

"मग नुसतं बसून राहायचं?" ती पुढे म्हणाली. "दर रविवारी टोक बघत? किती रविवार?"

सुनेने नळकांडं उचलून परत फळीवर ठेवलं.

मित्र आला तेव्हा दोघींनी त्याला काय लिहावं ते विचारलं. त्याने पानभर मजकूर काढला. न्याय, मानवता, काळोख, पहाट. मावशीने ऐकून घेतलं. "छान आहे बाळा," ती म्हणाली. "पण मोठ्या माणसाला एवढं वाचायला सवड कुठे? आणि तुझं अक्षर नको. मीच लिहिते." तिने फोटोच्या मागे आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. मुलाचं नाव. आणि खाली, 'तुमचा भाऊबंद. घरातून नेलाय. एकदा विचारा.'

मित्राने आपलं पान खिशात घातलं. घरी जाऊन फाडून टाकलं.

सहीच्या समारंभासाठी पाहुण्याचा काळा सूट खाली आला. मावशीने सवयीने खिसे पाहिले. रिकामे. मग आतल्या खिशात तिने फोटो सरकवला. जन्मभर ज्या बोटांनी दुसऱ्यांच्या खिशांतून वस्तू काढल्या, ती बोटं पहिल्यांदाच काहीतरी ठेवत होती. त्यांना ते नीट जमेना. फोटोचा कोपरा अस्तरात अडकला. तिने तो सोडवला, वरून हात फिरवला आणि स्वतःशी म्हणाली, "आता तुझा."

समारंभ तळघरातल्या टीव्हीवर दाखवत होते. बायका टेबलं सोडून जमल्या. मालक आला. पाहुणा आला. फायली उघडल्या. सगळे चेहरे पाहत होते. मावशी एकटी काळ्या कोटाची डावी बाजू पाहत होती. सहीची वेळ आली तसा पाहुण्याचा हात पेनासाठी आतल्या खिशात गेला.

हात थांबला.

मुकादम काहीतरी बोलत होता. "चूप!" मावशी ओरडली.

हात क्षणभर आतच राहिला. पाहुण्याने खाली पाहिलं, पटकन, जेवताना शर्टावर काही सांडलं का पाहावं तसं. मग हात पेन घेऊन बाहेर आला. त्याने सही केली. मालकाने सही केली. दोघांनी हात मिळवले. निवेदिका सांगत होती, सुरक्षेतल्या सहकार्याचा नवा अध्याय. वाहनं, साहित्य, प्रशिक्षण. मानवी मूल्यांवरही मोकळेपणाने चर्चा झाली.

"सापडला त्याला," मावशी पुटपुटली.

"काय सापडलं?" मुकादमाने विचारलं.

"पेन."

पाहुणा विमानाने परत गेला. रविवारी खिडकीतून पांढरा शर्ट बाहेर आला. टोक चावलेलं. नेहमीपेक्षा जास्तच चावलेलं. रेघारेघांचा तिने आत दिला. घरी येऊन मावशीने सुनेपुढे शर्ट नाचवला. "बघ! काही वाकडं झालं? भीत होतीस उगाच. आता विचारतील ते. वेळ लागतो मोठ्या कामांना." त्याच संध्याकाळी तिने तो शर्ट धुतला. सकाळी खळ करून इस्त्री केली. टोक चिवट होतं. तिने पाणी शिंपडून, दाबून दाबून ते सरळ केलं.

दोन दिवसांनी हॉटेलच्या सुरक्षा अधिकाऱ्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. तरणाताठा माणूस, अतिशय नम्र. त्याने तिला खुर्ची दिली. चहा मागवला. मग टेबलाच्या खणातून हॉटेलचं छोटं पांढरं पाकीट काढलं. वर खोलीचा नंबर होता. वरच्या मजल्याचा.

"तुमची वस्तू, मावशी."

आत फोटो होता. आणि एक चिठ्ठी, आपल्याच भाषेत, सुवाच्य अक्षरात. 'कोटाच्या खिशात मिळालं. कृपया ज्याचं त्याला पोहोचवावं. इस्त्री अप्रतिम. आभार.'

मावशीने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तिच्या तळघराचा नियम तो माणूस तंतोतंत पाळून गेला होता.

"त्यांनी विचारलं नाही?" तिने विचारलं.

"असं कसं? विचारलं ना. मेजवानीत आपल्या मंत्र्यांना बाजूला घेऊन स्वतः विचारलं. फोटो दाखवला. फार सभ्य गृहस्थ."

"मग?"

"मंत्री म्हणाले, मुलगा मजेत आहे. पाहुण्यांना बरं वाटलं. त्यांनी आभार मानले."

"आणि?"

"आणि काय मावशी? तुम्हीच लिहिलं होतं, एकदा विचारा. एकदा विचारलं."

चहा आला. मावशीने कप उचलला नाही. अधिकाऱ्याने स्वतःचा उचलला, फुंकर मारली आणि जवळच्या माणसाला सल्ला द्यावा तशा आवाजात म्हणाला, "तुमचं चुकलं कुठे सांगू? आत इतकी माणसं आहेत. तुमचा मुलगा त्यांतला एक होता. कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. आता मंत्र्यांना माहीत झालं." त्याने कप खाली ठेवला. "नोकरीची काळजी करू नका. पाहुण्यांनी कौतुक केलेल्या बाईला कोण काढणार?"

चिठ्ठी त्याने मुकादमाकडे पाठवून दिली. मुकादमाला मागचं पुढचं काही ठाऊक नव्हतं. त्याने ती काचेच्या चौकटीत बसवून मावशीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावली. "आपल्या तळघराची इज्जत वाढवलीत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. चौकट वाकडी लागली होती, मावशीने ती तेवढी सरळ केली.

घरी तिने सुनेला सगळं सांगितलं. सून ऐकत राहिली. ती चिडली नाही, टोचून बोलली नाही. बोलली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "रविवारी मी येऊ बरोबर?"

"नको. रांग मोठी असते."

रविवारी मावशी गेली. पांढरा शर्ट, पँट, टॉवेल, नेहमीचं गाठोडं. खिडकीशी नेहमीचाच शिपाई होता. तिचा नंबर आला. तिने गाठोडं खिडकीच्या फळीवर ठेवलं, नाव सांगितलं. शिपाई आत गेला. त्याला यायला वेळ लागला. मग त्याने आतून एक गाठोडं बाहेर ढकललं.

गाठ तिचीच होती. तिने मारलेली. तिने ती सोडली. वर रेघारेघांचा शर्ट. बाह्या मागे वळवलेल्या. कफ कॉलरच्या खाली खोचलेले. कॉलरची दोन्ही टोकं ताठ, धारदार, एका मापाची.

"हे बदललेले नाहीत," ती म्हणाली.

"जे दिलंय ते घ्या."

"त्याला दिलेच नाहीत का?"

"बाई, मागे रांग आहे."

"मळलेले द्या ना. अंगावरचे. फाटलेले असले तरी चालतील."

शिपायाने तिच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने नजर काढून घेतली.

"पुढच्या रविवारी आणू का?" तिने विचारलं.

"आणा की," तो म्हणाला. "आणायला कुणी अडवलंय?"

आणि तिने आज आणलेलं गाठोडं त्याने आत ओढून घेतलं. त्यात पांढरा शर्ट होता. ज्याचं टोक मुलाने शेवटचं चावलं होतं आणि जे तिने पाणी शिंपडून, दाबून दाबून, आपल्या हाताने सरळ केलं होतं. ती खिडकीत हात घालून म्हणाली, "तो द्या परत. तेवढा द्या." पण मागच्या बाईला घाई होती. तिचंही कुणी आत होतं. मावशी बाजूला झाली.

घरी सून दारातच उभी होती. तिने सासूच्या हातातून गाठोडं घेतलं. चेहऱ्याकडे न बघता, दर रविवारसारखी, तडक नळाशी गेली. बादली लावली. पाण्याचा आवाज सुरू झाला. मग गाठोडं सोडल्याचा. मग बराच वेळ नुसतं पाणीच.

"आई," तिने आतून हाक मारली. "शर्ट भिजत घालू?"

मावशी खुर्चीवर टेकली होती. बादली भरून वाहत होती, तरी नळ कुणी बंद करत नव्हतं.

"नको," मावशी म्हणाली. "धुतलेलाच आहे."